प्रतीक्षेची वाटणी

परगावी बोलण्यासाठी ज्या काळी ट्रंक कॉल लावावा लागे, त्या काळी डाक-तार खात्याने घाईचे दर्जे ठरवून दिले होते आणि सामान्य माणसाला त्यांपैकी तीन तोंडपाठ असत: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला साध्या दराच्या दुप्पट व लाइटनिंगला आठपट आकार पडे, आणि जो अधिक मोजी त्याचा कॉल आधी लागे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढील दोन-तीन दशकांत चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या माळांवर एकामागून एक कारखाने उभे राहिले, तेव्हा मुंबईच्या मुख्य कचेरीशी बोलू पाहणाऱ्या व्यवस्थापकालाही आपली निकड या दर्जांत बसवूनच सांगावी लागे. ही व्यवस्था धनिकधार्जिणी होती यात शंका नाही. परंतु तिच्यात एक गुण असा होता की ती छापील होती. साधा कॉल लावून तासन्‌तास तिष्ठत बसलेल्या माणसाला आपण का थांबलो आहोत आणि किती पैसे मोजले असता थांबावे लागणार नाही, या दोन्ही गोष्टी ठाऊक असत. आज तोच माणूस संगणकजालाच्या दाराशी थांबतो, पण पडद्यावर गरगरणाऱ्या चकतीपलीकडे त्याला कसलेही उत्तर मिळत नाही.

चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील एखाद्या मध्यम आकाराच्या वाहन-उद्योगाच्या संगणकजालात बाहेरून शिरणाऱ्यांची मोजदाद केली, तर ती मंडळी किती भिन्न प्रकारची असतात हे पाहून नवल वाटेल. निगडीच्या आपल्या घरातून नकाशे उघडणारा आरेखक, नागपूरच्या लॉजमधून मागणी नोंदवणारा विक्री-प्रतिनिधी, जर्मनीत बसून चाकणमधल्या रोबोचा बिघाड शोधणारा यंत्रनिर्मात्याचा अभियंता, महिनाअखेरीस खाती जुळवणारा लेखापाल, आणि भोसरीच्या गाळ्यातून त्या उद्योगाच्या व्हेंडर पोर्टलवर मालाची आगाऊ सूचना चढवणारा लघुउद्योजक, हे सारे एकमेकांना कधीही न पाहता एकाच दरवाजाशी येऊन ठेपतात. दरवाजा सर्वांना पुरेसा असतो तोवर कोणाला काही वाटत नाही. तो अपुरा पडला म्हणजे मात्र दोन प्रश्न उभे राहतात: आधी कोणाला घ्यायचे, आणि कोणाला कोणत्या वेळी येऊ द्यायचे. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बहुधा आयटी विभागातला एखादा तरुण, वरिष्ठांच्या दोन-चार ई-मेलांच्या आधारे, एका संध्याकाळी सर्व्हरमध्ये भरून टाकतो आणि ती पुढे वर्षानुवर्षे अंमलात राहतात. त्या तरुणावर राग धरण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे काम सोपवले गेले ते केबल ओढण्याइतकेच तांत्रिक समजून. माझे म्हणणे असे की ते काम तांत्रिक नाही, तो एक छोटेखानी राज्यकारभार आहे. आणि राज्यकारभाराला जो लेखी हुकूम, जे कारण, जी मुदत आणि जी दाद मागण्याची सोय लागते, त्यांपैकी एकही गोष्ट येथे सहसा आढळत नाही.

असे म्हणण्याचे पहिले कारण गणिती आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या मागण्यांवर जो निबंध लिहिला, त्यातून रांगांचे शास्त्र जन्मले. त्या शास्त्राच्या अगदी साध्या नमुन्यात, एखादी लिंक सरासरीने अर्धा वेळ गुंतलेली असेल तर तिच्यापाशी सरासरी एक काम असते. ती ८० टक्के गुंतली की चार कामे असतात, ९० टक्क्यांना नऊ आणि ९५ टक्क्यांना एकोणीस. म्हणजे शेवटच्या पाच टक्क्यांच्या भाराने रांग दुपटीहून अधिक वाढते, आणि "काल तर व्यवस्थित चालत होते" ही जी तक्रार दर महिनाअखेरीस ऐकू येते, तिचे स्पष्टीकरण एवढ्यातच मिळते. पण त्याहून महत्त्वाचा सिद्धांत पुढे लेनर्ड क्लाइनरॉक यांनी मांडला. काम करणारे साधन रिकामे बसत नसेल, तर रांगेतील क्रम कसाही लावला तरी भाराच्या प्रमाणात मोजलेली प्रतीक्षेची बेरीज तीच राहते. एकाला पुढे घेतले म्हणून प्रतीक्षा नाहीशी होत नाही, ती दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. संचालकांची दृक्‌श्राव्य बैठक अडखळली नाही याचा अर्थ कोठेतरी कोणाची तरी फाइल तेवढा वेळ अडकून राहिली. वीज, पाणी, धान्य यांच्या वाटपात ही गोष्ट कोणी नाकारीत नाही. संगणकजालात मात्र प्राधान्य देणे म्हणजे जणू एखादी कळ दाबून सर्वांचे काम सुधारणे, असा भ्रम पसरलेला आहे.

यावर ताबडतोब येणारा आक्षेप असा की, वाटणीची भाषा हवीच कशाला? बँडविड्थ वाढवावी म्हणजे प्रश्न मिटला. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचा दाखला याच भूमीत सापडतो. २००६ साली भारनियमनाने गांजलेल्या पुणे व पिंपरी-चिंचवडच्या उद्योगांनी आपली खासगी जनित्रे चालवून शहरावरचा तुटवडा भरून काढण्याची तजवीज केली, अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी त्यापोटी जादा आकार सोसला आणि इतर महाराष्ट्र अंधारात असताना ही दोन शहरे उजेडात राहिली. पुरवठा वाढला म्हणजे रांग विरते हे खरे. परंतु तो वाढवण्याचा खर्च कोणी द्यायचा आणि वाढलेला पुरवठा कोणाच्या घरी पोहोचायचा, हे प्रश्न शिल्लक राहिलेच. शिवाय संगणकजालात अरुंद जागा नेहमी तारेतच असते असे नाही. कधी ती व्हीपीएनच्या परवान्यांच्या संख्येत असते, कधी जुन्या सर्व्हरच्या क्षमतेत, कधी हेल्पडेस्कवर बसलेल्या एकुलत्या एक माणसाच्या फुरसतीत, आणि एखाद्या सीएनसी यंत्राच्या बाबतीत तर ती यंत्रातच असते, कारण एका वेळी दोघांनी त्याचे प्रोग्रॅम बदलले तर हत्यार मोडेल. अशा जागी कितीही जाड केबल टाकली तरी पाळी लावण्यावाचून गत्यंतर नाही.

मार्च २०२० मध्ये ही अरुंद जागा सर्वांना एकदम दिसली. तोपर्यंत दूरसंचार खात्याच्या नियमांनुसार सेवा-केंद्रांतील कर्मचाऱ्याला घरून काम करू द्यायचे, तर कंपनीला एक कोटी रुपयांची हमी द्यावी लागे आणि अधिकृत पुरवठादाराचे व्हीपीएन घ्यावे लागे. १३ मार्चला खात्याने या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली, आणि हिंजवडीपासून तळवड्यापर्यंतच्या कार्यालयांतील माणसे आपापल्या घरी लॅपटॉप घेऊन बसली. एरवी फिरतीवरच्या थोड्याशा लोकांपुरती बेतलेली व्हीपीएनची यंत्रणा आता संपूर्ण कार्यालय आत घेऊ पाहत होती. घाईघाईने याद्या तयार झाल्या: कोणाला दिवसभर लॉगिन, कोणाला सकाळी, कोणाला रात्री दहानंतर. त्या याद्यांचा अनुभव ज्यांनी घेतला, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. क्रम बहुतेक ठिकाणी कामाचा न लागता माणसांचा लागला. ज्यांचे पद मोठे त्यांचे लॉगिन अखंड, मग ते दिवसभरात दोन पत्रे वाचोत वा न वाचोत. आणि ज्यांच्या हातून तीनशे कामगारांचे पगार निघायचे होते, त्या वेतन-लिपिकाला मध्यरात्रीचा स्लॉट, कारण त्याच्या वतीने बोलणारे त्या बैठकीत कोणी नव्हते. संकटकाळी असे घडले याला क्षमा करता येईल. घाईत केलेल्या व्यवस्थेत समाजाच्या सवयी तशाच्या तशा उमटतात एवढेच.

तारेच्या आतील व्यवस्था मात्र या बाबतीत माणसांहून अधिक न्यायी आहे. जालावरून धावणाऱ्या प्रत्येक पाकिटाच्या माथ्यावर सहा बिटांची एक जागा राखलेली असते आणि तिच्यात चौसष्ट प्रकारच्या खुणांपैकी एक लिहिता येते. १९९८ साली ठरलेल्या या पद्धतीनुसार वाटेतली यंत्रे कोणाला आधी सोडायचे ते ठरवतात. त्यात आवाजाच्या पाकिटांना सर्वांत आधी सोडण्याचा रिवाज आहे. का? बोलणारा मोठा असतो म्हणून नव्हे. आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोहोचण्यास सुमारे १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू लागला की दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात आणि संभाषण मोडते. उलट ई-मेल पाच मिनिटे उशिरा आले तर कोणाचे काही बिघडत नाही. म्हणजे क्रमाचा निकष थांबल्याने होणारी हानी हा आहे, आणि त्यातही जाणते अभियंते आवाजाला लिंकच्या साधारण एक-तृतीयांशाहून अधिक वाटा मिळणार नाही अशी मर्यादा घालतात, जेणेकरून अग्रमानकऱ्यांची गर्दी इतरांची वाट सर्वस्वी बंद करणार नाही. निकष हानीचा आणि अग्रमानालाही मर्यादा, हे जे तत्त्व पाकिटांना लागू आहे ते माणसांना लागू करण्यात कोणती तांत्रिक अडचण आहे, ते मला अद्याप उमगलेले नाही.

हानी मोजायची म्हणजे ती जेथे घडते तेथे जाऊन पाहावे लागते, आणि येथे चाकणचा पट्टा एक विलक्षण धडा देतो. भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात दुपारी चार वाजता पाहावे. ब्रॅकेटच्या क्रेट टेम्पोत चढलेल्या आहेत, ड्रायव्हर बिडी विझवून केबिनमध्ये बसला आहे, आणि माळ्यावरच्या आठ बाय दहाच्या ऑफिसात एक मुलगी बड्या कंपनीच्या पोर्टलवर आगाऊ सूचना, म्हणजे त्यांच्या बोलीत एएसएन, भरते आहे. तिचा बारकोड छापून चलनाला जोडल्याखेरीज टेम्पोला चाकणच्या गेटवर आत घेत नाहीत. पोर्टल फिरत राहते, सत्राची मुदत संपते, पुन्हा लॉगिन करावे लागते. साडेचारला टेम्पो सुटता तर मोशीवरून नाशिक रस्त्याने तो वेळेत गेला असता. सव्वापाचला सुटलेला टेम्पो आंबेठाण चौक आणि तळेगाव चौक यांच्या कोंडीत सापडतो, आणि म्हाळुंगे-निघोजेच्या बाजूस ज्या असेंब्ली लाइनवर तासाला अमुक गाड्या उतरल्याच पाहिजेत असा दंडक आहे, तिच्यावर ब्रॅकेट संपतात. लाइन थांबते. आता ज्या संगणकजालात हे घडले त्याच्या प्राधान्य-सारणीत पाहावे, तर असेंब्ली लाइन अगदी वर आणि बाहेरच्या व्हेंडरांचे पोर्टल अगदी तळाशी नोंदलेले आढळेल. सर्वोच्च काम सर्वांत कनिष्ठ कामासाठी खोळंबले, आणि सारणीप्रमाणे पाहता कोणाचीही चूक झालेली नाही.

संगणकशास्त्राला हा विपर्यास चांगला परिचित आहे. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान काही दिवसांनी आपला संगणक वारंवार बंद करून पुन्हा सुरू करू लागले. शोध घेता दिसले की, हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या एका कनिष्ठ कामाने सामायिक साधन धरून ठेवले होते, मध्यम दर्जाची कामे त्या कनिष्ठाला पुढे सरकू देत नव्हती, आणि त्यामुळे सर्वांत वरिष्ठ काम तिष्ठत राहून वेळेत पुरे होत नव्हते. उपाय पृथ्वीवरून पाठवण्यात आला तो असा: ज्या कनिष्ठावर वरिष्ठ अवलंबून आहे, त्याला तेवढ्या वेळेपुरता वरिष्ठाचाच दर्जा मिळावा. अंतरिक्षयानाला जे सुचले ते चाकणच्या गेटला सुचू नये असे काही नाही. ज्या व्हेंडरच्या मालाचा साठा लाइनवर दोन तासांपुरताच उरला आहे, त्याची आगाऊ सूचना त्या दोन तासांत संचालकांच्या बैठकीच्याही आधी गेली पाहिजे; आणि साठ्याचा आकडा त्याच कंपनीच्या संगणकात मिनिटागणिक नोंदला जात असल्याने हे करणे अवघड नाही. अडचण एवढीच की त्यासाठी पुरवठादाराला आपल्या घरचा माणूस समजावे लागते, आणि प्राधान्य-सारणी बनवणारे त्याला बाहेरचा समजतात.

तळाशी असलेल्याची आणखी एक गत होते, ती म्हणजे त्याची पाळी कधीच येत नाही. वरच्या वर्गातील कामे येतच राहिली आणि नियम कडक असला, तर तळाचे काम अनंत काळ थांबते. अमेरिकेतील एमआयटीचा आयबीएम ७०९४ संगणक १९७३ साली बंद करताना १९६७ मध्ये दिलेले एक काम अजून रांगेत उभे असलेले सापडले, अशी एक आख्यायिका पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिच्यावरचा उपाय खरा आहे: जे काम जितके थांबेल तितका त्याचा दर्जा आपोआप चढत जावा. माझ्या समजुतीप्रमाणे संगणकशास्त्राने राज्यशास्त्राला दिलेल्या मोजक्या देणग्यांपैकी ही एक आहे. कंत्राटी कामगाराचा विसरलेला पासवर्ड बदलून देण्याची विनंती जर तिसऱ्या दिवशी आपोआप विभागप्रमुखाच्या विनंतीइतकी वर चढली, तर त्या माणसाला कोणाच्या ओळखीची याचना करावी लागणार नाही. सार्वजनिक इंटरनेटवर नागरिकाला थोडेफार संरक्षण मिळालेले आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. कंपनीच्या खासगी जालात मात्र असा कोणताही कायदा पोहोचत नाही, आणि कामकरी माणसाचा बराचसा दिवस तर तेथेच जातो.

येथवर क्रमाचा विचार झाला. वेळापत्रकाचा विचार मला अधिक जवळचा वाटतो, कारण क्रमात एकजण कायमचा मागे राहतो आणि पाळीत प्रत्येकजण केव्हा ना केव्हा पहिला असतो. या पट्ट्याला पाळीचे शिक्षण विजेने दिले. सर्व कारखान्यांनी एकाच वारी सुट्टी घेतली तर उरलेल्या सहा दिवसांचा भार पेलवत नाही, म्हणून औद्योगिक वसाहतींच्या साप्ताहिक सुट्ट्या निरनिराळ्या वारांवर वाटून देण्यात आल्या, आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. आजही भोसरीत गुरुवारी शटर ओढलेली दिसतात आणि रविवारी लेथ फिरत असतात. येथल्या कुटुंबांचे लग्नसमारंभ, मुलांच्या शाळांची रविवारची सुट्टी आणि बापाची गुरुवारची सुट्टी यांचा मेळ दोन पिढ्यांना घालता आला नाही, हे दुःख वेगळे. पण व्यवस्था म्हणून ती स्पष्ट होती, सर्वांना ठाऊक होती, आणि मोठा-लहान असा भेद न करता लागू होती.

आता गंमत अशी की, ज्यांच्या हाती संगणकजालाचे वेळापत्रक असते ते बहुधा मुंबईत, बंगळुरूत किंवा परदेशात बसतात आणि त्यांच्या पंचांगात सुट्टी रविवारी असते. म्हणून सर्व्हर बंद ठेवून दुरुस्ती करण्याची वेळ ते रविवारी सकाळी ठरवतात, ज्या वेळी भोसरीचा पुरवठादार ऐन कामात असतो, आणि गुरुवारी, येथे सर्वत्र सामसूम असताना, सर्व्हर निष्कारण जागा राहतो. वेळापत्रक कोणी दुष्टपणाने असे बनवलेले नाही. बनवणाऱ्याला गुरुवार ठाऊक नव्हता इतकेच. असाच घोटाळा घड्याळाचा. जर्मन यंत्रनिर्मात्याच्या अभियंत्याला त्याच्या सकाळी दहा ते बारा अशी प्रवेशाची वेळ दिली, तर उन्हाळ्यात ती आपल्या दुपारी दीड ते साडेतीन पडते. ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी तिकडचे घड्याळ एक तास मागे सरते, आणि तीच वेळ आपल्याकडे अडीच ते साडेचार होते. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटत असेल, तर ज्या ऑपरेटरने बिघाड आपल्या डोळ्यांनी पाहिला तो ऐन संभाषणात डबा उचलून बसकडे निघतो, आणि दुसऱ्या शिफ्टचा माणूस कानाला हेडफोन लावून "मला काही सांगितलेलं नाही" म्हणतो. मार्चच्या शेवटापर्यंत हे असेच चालते. वेळ कोणत्या घड्याळाने मोजायची हा प्रश्न यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने सुटला पाहिजे, एवढे साधे कलम करारात घातले तरी पाच महिन्यांची ही ओढाताण टळेल.

सरकारनेच वेळापत्रक आखावे आणि ते बऱ्यापैकी न्याय्य असावे, असेही कधी कधी घडते. जीएसटीचे मासिक विवरण भरण्याची मुदत सर्वांना २० तारीख अशी एकच होती, आणि त्या दिवशी देशभरचे व्यापारी व कर-सल्लागार एकाच वेळी आत शिरू पाहत असल्याने संकेतस्थळ मान टाकी. जानेवारी २०२० मध्ये मुदती विभागण्यात आल्या: पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना २० तारीखच राहिली, त्याहून लहानांपैकी महाराष्ट्रासह काही राज्यांना २२ आणि उरलेल्यांना २४. येथे दुर्बळाला मागे ढकलले असे वरवर वाटेल, पण मुदत ही ओझे असते, आणि ओझे उशिरा येणे ही सवलत होय. ज्याच्याकडे लेखापालांची फौज आहे त्याने आधी भरावे आणि भोसरीच्या गाळेवाल्याला दोन दिवस अधिक मिळावेत, ही रचना ज्याने कोणी केली त्याला क्रम आणि वेळ यांतील संबंध नीट कळला होता असे म्हटले पाहिजे.

वेळेने बांधलेल्या प्रवेशाला संरक्षणाचेही भक्कम समर्थन आहे. अमेरिकेतील टार्गेट या दुकानदार कंपनीची २०१३ सालची प्रचंड माहिती-चोरी ज्या वाटेने झाली, ती वाट तिच्या शीतकरण-यंत्रणेच्या कंत्राटदाराला दिलेल्या लॉगिनची होती. चाकणच्या कारखान्यांत जितक्या देशांची यंत्रे तितक्या देशांच्या निर्मात्यांना दूरस्थ प्रवेश दिलेला असतो, आणि तो अष्टौप्रहर उघडा ठेवणे म्हणजे आपत्तीला आमंत्रण होय. बोलावल्यावाचून यायचे नाही, आल्याची नोंद व्हायची, काम संपताच दार आपोआप लागायचे, ही शिस्त योग्यच आहे. मात्र यंत्र रात्री दोनलाही बंद पडते. त्या वेळी दार उघडण्याचा अधिकार जर घरी झोपलेल्या, दूरध्वनी न उचलणाऱ्या अधिकाऱ्याकडेच असेल, तर तिसऱ्या शिफ्टचा मेंटेनन्सवाला कोणाचा तरी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवू लागतो, आणि सगळी शिस्त त्या चिठ्ठीत विरघळते. म्हणून आणीबाणीचा अधिकार जागेवरच्या माणसाच्या हाती हवा, त्याचा प्रत्येक वापर दुसऱ्या दिवशी सकाळी उघडपणे तपासला जावा, आणि त्यात गैर आढळले नाही तर त्याला बोल लावू नये. अधिकार वरच्याकडे आणि जबाबदारी खालच्याकडे, ही आपल्याकडची सर्वांत जुनी प्रशासकीय खोड येथे सर्वांत महाग पडते.

लेखी, जाहीर पाळी ही काही परदेशातून आणायची वस्तू नाही. चाकणच्या उत्तरेस चासकमानच्या कालव्यावर, किंवा राज्यातील कोणत्याही जुन्या कालव्यावर, शेजपाळीने पाणी देण्याचा प्रघात आहे: हंगामाआधी अर्ज, पिकाप्रमाणे मंजुरी आणि कोणाला केव्हा पाणी मिळणार याचा आधी ठरलेला कार्यक्रम. ती अंमलात बिघडते, मुखाशी असलेला बागायतदार रात्री दार उचलतो आणि पुच्छाशी असलेल्याची चारी कोरडी राहते, हे सर्वश्रुत आहे. पण बिघाड झाला असे म्हणता येते, कारण कार्यक्रम कागदावर असतो आणि त्यावर बोट ठेवून पाटकऱ्याला जाब विचारता येतो. आणि जेथे क्रम लोकांशी न बोलता ठरला तेथे काय होते, तेही या परिसराने पाहिले आहे. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात द्रुतगती मार्गावर बऊरजवळ जे आंदोलन झाले, त्यावर गोळीबार होऊन तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि त्यानंतर शेती असा क्रम होता, आणि २०११ सालीच शासनाने शेतीला उद्योगाच्या आधी आणले. संगणकजालातील प्रतीक्षेने कोणाचा प्राण जात नाही आणि दोहोंची तुलना करणे औचित्याला सोडून होईल. पण एका ओळीतील दोन शब्दांची अदलाबदल करायला केवढे राजकारण लागते, हे ज्याने पाहिले तो सर्व्हरमधल्या सारणीला निव्वळ तांत्रिक म्हणणार नाही.

तेव्हा मागणी माफक आहे. ज्या कंपनीच्या जालात बाहेरची माणसे येतात, तिने आपली प्राधान्य-सारणी व वेळापत्रक मराठीत व इंग्रजीत, व्हेंडर पोर्टलच्या पहिल्याच पानावर, एका फलकाच्या आकारात लावावे. थांबलेल्याला आपण कितवे आहोत आणि अंदाजे किती वेळ लागेल, हे पडद्यावर दिसावे. रेल्वेच्या प्रतीक्षा-यादीला जे जमते ते येथे अशक्य नाही. सारणी ठरवणाऱ्या बैठकीत स्टोअरचा एक, मेंटेनन्सचा एक आणि लघुउद्योजकांच्या संघटनेचा एक माणूस असावा, आणि रविवारची दुरुस्ती गुरुवारी नेण्याचा ठराव पहिल्याच बैठकीत मांडावा. मुख्य कचेरीतून उत्तर येईल की गुरुवारी आमचे लोक कामावर असतात. त्यावर, दुरुस्ती करणारे कामावर असताना दुरुस्ती करण्यात कोणती हरकत आहे, असे नम्रपणे विचारावे. प्रत्येक खास सवलतीपुढे तिची अखेरची तारीख लिहावी. मार्च २०२० मध्ये तात्पुरते म्हणून दिलेले कित्येक अखंड प्रवेश अजून चालू आहेत, त्यांतील काही तर नोकरी सोडून गेलेल्या माणसांच्या नावावर आहेत, आणि ते रद्द करण्याचा अधिकार नेमका कोणाला, हे बऱ्याच ठिकाणी कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही.